डाव्या हाताची सुरी

१

पेटी डावरीनंच उघडली. आत निळ्या मखमलीवर सुरी होती आणि ती मोडलेली होती. मुठीकडचा तुकडा आणि टोकाकडचा तुकडा एकमेकांना इतके नीट लावून ठेवले होते, की क्षणभर मला वाटलं पात्यावर एखादा केस पडलाय. डावरीनं तो काढायला बोट लावलं आणि टोकाकडचा तुकडा बाजूला सरकला.

खोलीत आम्ही चौघंच होतो. डावरी माझी भाची, वहिनी तिची आई, बारक्या तिचा धाकटा भाऊ आणि चौथी मी, तिची आत्या. वहिनींनी डोळे मिटून घेतले होते. पण पेटी उघडायच्या आधीच मिटले होते, हे मी पाहिलं. माझी मेली खोडच तशी आहे. माझी सगळी नोकरी विमा कंपनीत गेली. आग लागली की लावली, मशीन मोडलं की मोडवलं, एवढंच ठरवायचं काम. त्यामुळे माणूस रडायला लागला की माझं लक्ष आधी त्याच्या हातांकडे जातं.

माझा थोरला भाऊ, दादा, जाऊन पंधरवडाही झाला नव्हता. आयुष्यभर त्यानं लोकांचे पियानो सुरात लावून दिले. नुसत्या कानानं. म्हातारपणी त्याला सुऱ्या घडवायचा छंद लागला. मागच्या शेडमध्ये त्यानं भट्टी घातली, ऐरण आणली आणि पोलादाच्या पट्ट्या ठोकत बसू लागला. विकायचा नाही, कुणाला फुकट द्यायचा नाही. आवडत्या माणसाला मात्र त्याच्या हाताचं माप घेऊन एक सुरी करून द्यायचा. मला दिली तेव्हा म्हणाला, "तुझ्या जिभेपेक्षा कमी धार ठेवलीय."

ही शेवटची सुरी डावरीसाठी होती. ती लांबच्या शहरात मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी आहे आणि डावखुरी आहे. म्हणून धारेचा उतार फक्त डावीकडून काढला होता, मूठही डाव्या तळव्याला बसेल अशी. दुसऱ्या कुणाच्या ती उपयोगाची नव्हती.

"वर्षभर बाबांनी माझा फोन उचलला नाही, आत्या," डावरी म्हणाली. "दर रविवारी करायचे. पुरी घंटी वाजायची आणि बंद पडायची. आई म्हणायची, कामात आहेत, झोपलेत. मी काय कुक्कुलं बाळ आहे? मग आईनं कळवलं, ते तुझ्यासाठी सुरी करतायत. मला वाटलं, राग गेला असेल. आता कुणाला विचारू, गेला होता की नव्हता?"

राग जुना होता. दादाचे कान तिनं घेतले होते आणि आपलं काम हीच पुढं चालवणार असं तो धरून चालला होता. तिनं स्वयंपाक शिकायला जायचं ठरवलं तेव्हा तो म्हणाला होता, "असे कान लाखात एकाला मिळतात. तू ते भांड्यांच्या खडखडाटात घालवणार?" पुढे बोलणं सुरू झालं, पण जेवढ्यास तेवढं. आणि शेवटचं वर्ष तेही नाही.

तिनं पेटी मिटली. "मी उद्या सकाळच्या गाडीनं जाते. हे कुणी केलं ते कळलं तर परत येईन. नाहीतर नाही."

बारक्या खिडकीबाहेर बघत होता. तिथं बघण्यासारखं काहीही नव्हतं.

२

शेडची किल्ली वहिनींकडे असते. दादा गेल्यावर ती घराबाहेर एकालाच दिली होती, मॅनेजरला. हा एका बँकेचा निवृत्त मॅनेजर. सुऱ्यांच्या छंदातला दादाचा जोडीदार आणि दादाच्याच भाषेत सांगायचं तर लोणी कापायच्या सुऱ्यांचा कारागीर. आदल्या दिवशी तो आपला हातोडा न्यायला शेडमध्ये गेला होता, एकटा.

मी त्याच्या घरी गेले तेव्हा तो कानशी पुसत बसला होता. मी सरळच विचारलं.

"मी? सुरी मोडली?" तो उठूनच उभा राहिला. "ताई, भांडण होतं, नाही म्हणत नाही. पण ते ऐरणीवरून. मी त्याला म्हटलं, तुम्ही आता थकलात, ऐरण मला देता का? तर हसून म्हणाला, हो हो, अगदी बरोबर बोललात! मी टेम्पो घेऊन दारात उभा राहिलो तर अंगावर धावून आला. म्हणे, ऐरण द्यायचीय असं कुणी सांगितलं तुम्हाला? म्हणजे मी येडा?"

"मग?"

"मग काय? पुन्हा गेलो समजूत काढायला, तर दारातून हाका मारल्या तरी मान वर करेना. पाठ करून कानस घासत बसला. एवढा माज बरा नाही, ताई. माणूस गेला, पण खरं ते खरं."

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. दादा तिरसट होता, पण दिलेला शब्द फिरवणारा नव्हता.

"सुरी मोडते कशानं?" मी विचारलं.

इथं त्याचा सूर बदलला. छंदातल्या माणसाला छंदाबद्दल विचारलं की तो भांडण विसरतो. त्यानं सगळं सांगितलं. पातं लालभडक तापवायचं आणि तेलात बुडवायचं. तेलात बुडवतात तरी म्हणायचं पाणी दिलं. त्यानं पोलाद कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळ. मग ते घरच्या ओव्हनमध्ये मंद आचेवर ठेवून त्याचा ताठा उतरवायचा. त्या वेळी पात्यावर तपकिरी रंग चढतो, तो नंतर घासून काढायचा.

"खरा धोका पाणी देताना," मॅनेजर म्हणाला. "तेव्हाच तडा जातो. केसासारखा, कधी डोळ्यांना दिसतही नाही. आम्ही आपले भिंग घेऊन शोधत बसायचो. तो पातं दोन बोटांत धरायचा आणि नख मारायचा. टिंग वाजलं तर अखंड. ठक वाजलं तर कितीही देखणं असो, भंगारात. त्याचा कान कधी चुकला नाही."

"ह्या सुरीला पाणी दिलं तेव्हा तुम्ही होतात?"

"मला कशाला बोलावतोय! बारक्या होता. अलीकडे दुसऱ्या कुणाला तो जवळ उभंच राहू देत नव्हता."

३

बारक्या दवाखान्यात एक्स-रे काढतो. लोकांची मोडलेली हाडं बघून बघून त्याचा चेहरा कोरा झालाय. तो अंगणात सायकल पुसत होता. ती आधीच स्वच्छ होती.

"बारक्या, शेवटचं पाणी दिलं तेव्हा तू होतास ना?"

"होतो."

"सुरी चांगली झाली होती?"

त्याचा हात थांबला. "आत्या, उगाच फिरू नकोस. मॅनेजरकाकांना विचारलंस, मग आईला विचारशील. कुणाला विचारू नकोस. मी मोडली."

"का?"

"मोडली. बस्स."

"रागानं?"

"तसं समज."

आमच्या मागे दार वाजलं. डावरी पायरीवर उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती ओरडेल असं मला वाटलं, पण ती अगदी हळू बोलली, आणि तेच वाईट होतं.

"तुझ्याकडे बाबा रोज होते, बारक्या. रोज. माझ्याकडे ही एक वस्तू येणार होती."

बारक्या पुन्हा सायकल पुसायला लागला. डावरी आत गेली आणि थोड्या वेळानं तिच्या खोलीतून कपाट उघडल्याचा आवाज आला. ती बॅग भरत होती.

कबुली मिळाली की लोक म्हणतात प्रकरण मिटलं. माझ्या नोकरीत उलटं होतं. कारण न सांगता कबुली देणारा माणूस दुसऱ्या कुणासाठी तरी पदरचं देत असतो. मी पेटी उचलली आणि शेडची वाट धरली.

४

शेडमध्ये अजून दादाचा वास होता. तेल, राख आणि जळका कोळसा. मी थोडी रडले. मग नाक पुसलं आणि कामाला लागले.

आधी तुकडे पाहिले. बोटांना तेल लागलं. गंज चढू नये म्हणून दोन्ही तुकड्यांना कुणीतरी पातळ तेल लावून पुसलं होतं. रागानं वस्तू मोडणारा माणूस ती भिरकावतो, तेल लावून मखमलीवर ठेवत नाही. टेबलावरच्या व्हाइसच्या, म्हणजे वस्तू आवळून धरायच्या पकडीच्या, दोन्ही जबड्यांना चामड्याचे तुकडे लावलेले होते, आणि चामड्यावर पात्याचा ताजा ठसा होता. म्हणजे सुरीला ओरखडासुद्धा जाऊ नये अशी काळजी घेऊन तिला पकडलं होतं आणि हलकेच वाकवून पाहिलं होतं. एक्स-रेवाला पेशंटचा हात धरतो तसं. एवढी माया असलेला माणूस सुरी मोडायला नाही, तपासायला आला होता.

मग मोड, म्हणजे तुकडा जिथं तुटला ती बाजू, उजेडात धरली.

मोडीचा बराचसा भाग ताजा होता, करडा, चमकणारा. पण धारेकडून वर चढलेला एक पट्टा चमकत नव्हता. तो तपकिरी होता. मशीनचे मोडलेले दांडे मी नोकरीत ढिगानं पाहिलेत. ताजी मोड चमकते, जुनी मोड मळकी असते, यावर कितीतरी कारखानदारांची तोंडं मी बंद केली आहेत. पण ही मळकट नव्हती. हा ओव्हनचा रंग होता. पात्यावरचा रंग दादानं घासून काढला होता. मोडीच्या आतला कसा काढणार? तिथं रंग पोचला याचा अर्थ एकच होता. सुरी ओव्हनमध्ये गेली तेव्हाच तिला तडा होता. पाणी देतानाच गेला होता.

म्हणजे दादानं तिला नख मारलं तेव्हा ती ठक वाजली असणार.

आणि तरीही त्यानं तिला महिनाभर घासलं, मूठ बसवली, पेटी केली. लाडक्या लेकीसाठी. दादानं?

मी स्टुलावर बसले. समोर त्याच्या टेबलावर एक लाल दिवा टांगलेला होता. मी तो आधीही पाहिला होता आणि सजावट समजून सोडून दिला होता. त्याची वायर भिंतीतून बाहेर जात होती. मी वायरीचा माग काढत निघाले. ती अंगणाच्या कडेनं, पाइपामागून, थेट स्वयंपाकघरात शिरत होती आणि तिचं बटण गॅसच्या शेजारी होतं.

बटणापाशी वहिनी उभ्या होत्या.

५

"जेवायला बोलवायला," मी विचारायच्या आत त्या म्हणाल्या. "शेडमधल्या ग्राइंडरच्या आवाजात हाक ऐकू जायची नाही."

"वहिनी, ग्राइंडर बंद असताना?"

त्या ओटा पुसू लागल्या.

"मॅनेजरनं ऐरण मागितली तर दादा हो हो म्हणाला आणि नंतर भडकला. तो काय मागतोय हे त्याला कळलंच नव्हतं, खरं ना? दारातून हाका मारल्या तर वळला नाही. मीही गेल्या खेपेला तासभर माझी गाऱ्हाणी सांगितली, तर शांतपणे मान हलवत होता. मला वाटलं, म्हातारपणी शहाणा झाला, ऐकून घ्यायला लागला." मी बटणावर बोट ठेवलं. "दादाला ऐकू येत नव्हतं, वहिनी."

त्या खाली बसल्या. "आधी बारीक आवाज गेले," त्या म्हणाल्या. "मग हळूहळू सगळेच. शेवटची पियानोची कामं पाठीचं निमित्त करून सोडली. मला शपथ घातली होती. म्हणाले, ज्या कानांवर घर चाललं ते गेले हे कुणाला कळू द्यायचं नाही. यंत्र लावा म्हटलं तर तेही नको, चारचौघांत दिसेल म्हणून."

"आणि डावरीला?"

"तिला तर मुळीच नाही. म्हणायचे, कान वाया घालवतेस म्हणून मी पोरीला बोललो आणि माझेच गेले. कोणत्या तोंडानं सांगू?"

मी उठले. "ती सकाळी निघून जाईल आणि जन्मभर वेगळंच समजत राहील. शपथ घालणारा गेला, वहिनी. आता ती तुम्ही कुणासाठी पाळताय?"

६

दोघांना मी शेडमध्ये बोलावलं. डावरी बॅग हातात घेऊनच आली. बारक्या दाराशी टेकून उभा राहिला, सुटायला सोपं पडावं म्हणून.

मी मुठीकडचा तुकडा डावरीच्या हातात दिला, मोडीवरचा तपकिरी पट्टा दाखवला, आणि मॅनेजरनं सांगितलेलं सगळं सांगितलं. पाणी, ओव्हन, रंग. ती हुशार आहे. अर्ध्यातच म्हणाली, "पण मग बाबांना कळलं असतं. त्यांनी नख मारलं असतं ना?"

"मारलं," बारक्या म्हणाला.

तो जमिनीकडे बघून बोलत होता. "तेलात घातल्यावर मला बारीकसं टिक ऐकू आलं. त्यांना नाही. मग त्यांनी बाहेर काढून पुसलं, बोटांत धरलं आणि नख मारलं. ठक वाजलं, ताई. फुटक्या कपासारखं. त्यांनी पुन्हा मारलं. कानाशी नेलं. आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, कसं वाजतंय?"

डावरीच्या हातातली बॅग खाली टेकली.

"बाबांनी मला विचारलं," बारक्या म्हणाला. "आख्ख्या आयुष्यात त्यांनी कुणाला असं विचारलं नसेल. त्यांचा चेहरा... मी म्हटलं, छान. वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी त्यांनी घासायला घेतली. मग मूठ बसवली. रोज म्हणायचे, डावरीच्या हातात शोभेल. मी कधी सांगणार होतो?"

"आणि मोडलीस का?"

"कामाच्या गर्दीत तुझ्या हातात मोडली असती. तुकडा डोळ्यात गेला असता. वाटलं, एकदा बघू, कदाचित मला चुकीचं ऐकू आलं असेल. चामडं लावून पकडली, जरा वाकवली. लगेच गेली. आईनं आवाज ऐकला, धावत आली." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "खरं सांगायचं तर त्यांचे कान गेलेले सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा म्हटलं, मीच वाईट झालेला बरा."

डावरी ऐरणीवर बसली. "ऐकू येत नव्हतं," ती म्हणाली. मग पुन्हा, स्वतःशीच, "ऐकू येत नव्हतं. म्हणून फोन..."

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "रविवारी सकाळी ते फोन इथं टेबलावर ठेवून बसायचे," त्या म्हणाल्या. "हातातलं काम बाजूला ठेवून. तुझा फोन आला की तो थरथरायचा. मग त्याच्यावर तळहात ठेवायचे. थरथर थांबेपर्यंत हात उचलायचे नाहीत. मी म्हणायची, मला तरी घेऊ द्या. तर म्हणायचे, थांब, डावरी आलीय."

डावरी रडली. इतके दिवस ती रडली नव्हती, आता लहान पोरासारखी, तोंड न झाकता. बारक्या तिच्याजवळ जायला निघाला आणि मधेच थांबला, तेव्हा तिनंच हात धरून त्याला खाली ओढलं. मी तोंड फिरवून व्हाइसचं चामडं काढत बसले. सगळ्यांनी एकदम रडून कसं चालेल?

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि मखमलीवरचा टोकाकडचा तुकडा उचलला. तडा मोडीतच संपला होता, उरलेलं पोलाद अखंड होतं. तिनं तो डाव्या हाताच्या दोन बोटांत धरला, दादा धरायचा तसा, आणि नख मारलं.

बारीक आवाज आला, स्वच्छ, आणि शेडमध्ये बराच वेळ टिकला.

तिनं भावाकडे पाहिलं. "कसं वाजतंय?"

बारक्यानं तो संपेपर्यंत ऐकलं. "छान," तो म्हणाला.

ह्या खेपेला तो खोटं बोलत नव्हता. मीही ऐकलं, वहिनींनीही ऐकलं. ज्यानं ऐकायला हवं होतं, तो एकटाच तिथं नव्हता.